पाय उचल, मग वळ

लग्नाच्या वरातीत लोक नवरदेव पाहतात, बँड पाहतात, कोणाच्या गळ्यात काय आहे ते पाहतात. मी नाचणाऱ्यांचे गुडघे पाहतो. बायको म्हणते, "चारचौघांत असं खाली बघत उभे राहू नका. लोकांना वाटतं, काही हरवलं आहे." मागे आमच्या मध्य प्रदेशातल्या बालाघाटातच एका वरातीत मी तिच्या कानाशी म्हणालो, "तो निळ्या शर्टातला मुलगा पाहिलास? एका पायावर गिरक्या घेतोय आणि बूट डांबराला धरून बसतोय. ह्याचा उजवा गुडघा जाणार." तिनं डोळे वटारले. "लग्नघरी आलात, जरा शुभ बोला." पुढच्याच आठवड्यात तो मुलगा दोन मित्रांच्या खांद्यांवर हात टाकून माझ्या दवाखान्यात हजर. उजवाच गुडघा होता. घरी जाऊन मी ही बढाई मारली आणि त्या रात्री मला वाढलेल्या वरणात मीठ नव्हतं.

मी फिजिओथेरपिस्ट आहे. हा शब्द आमच्या जिल्ह्यात कोणाच्या जिभेवर काही बसला नाही. बैहरकडचे लोक मला 'कसरतवाले सर' म्हणतात आणि किरनापूरकडचे 'मशीनवाले डाक्टर'. मशीनवर लोकांची भारी श्रद्धा. गुडघ्याला चार पट्ट्या चिकटवून थोडा करंट सोडला, मुंग्या आल्या, की पेशंटचा चेहरा देवदर्शन झाल्यासारखा होतो. त्यानंतर मी म्हणतो, आता हा पाय सरळ ठेवून वर उचला, रोज, घरी. तिथं चेहरा पडतो.

परसवाड्याचे एक कापड दुकानदार होते. स्कूटर घसरून गुडघ्याच्या आतल्या बाजूचा लिगामेंट ताणला गेला होता. माणूस गोड, वेळेवर यायचे, मशीनखाली शांत झोपायचे. पण मांडीला काही ताकद येईना. मी विचारलं, "शेठ, घरी व्यायाम होतोय ना?"

"हौ, रोज होते. एक दिवस खाडा नाही."

"मग मांडी अशी मऊ कशी?"

शेठ जरा विचारात पडले. "मी नाही करत न, साहेब. मिसेस करते. माझ्यासाठी सोमवार बी तीच धरते."

मी हसलो नाही. खरंच नाही हसलो, कारण शेठ गंभीर होते. पुढच्या खेपेला मी शेठाणींना सोबत बोलावलं. त्यांच्या मांड्या पाहिल्या आणि मला माझ्याच विद्येचा अभिमान वाटला. त्यांची जुनी गुडघेदुखी पार गेली होती. शेवटी शेठही बरे झाले, पण ते शेठाणींनी दुकानाच्या गादीसमोर खुर्ची टाकून, समोर बसून करवून घेतलं तेव्हा.

ज्यांचा गुडघा अजून शाबूत आहे, त्यांच्यासाठी थोडं सांगतो. गुडघा हा सांधा तसा बिनभरवशाचा. खुब्याच्या हाडाला बसायला छान खोल वाटी असते. गुडघ्यात मात्र मांडीचं हाड नडगीच्या हाडावर नुसतं टेकवलेलं आहे, आणि ते तिथं राहतं ते दोऱ्यांच्या जोरावर. बैलगाडीचं जू दोरानं आवळतात तसंच समजा. दोन दोऱ्या दोन बाजूंना, दोन आत, एकमेकींवर फुलीसारख्या. ह्या दोऱ्या म्हणजे लिगामेंट. फुलीतली पुढची दोरी सगळ्यांत कामाची. नडगीला ती पुढे निसटू देत नाही, आणि आपण गर्रकन वळतो तेव्हा गुडघा जागेवर धरते. आम्ही तिला एसीएल म्हणतो. लोक म्हणतात, 'आतली नस तुटली.'

ती तुटते कशी, ह्याचं लोकांना फार नवल वाटतं. कोणी मारलेलं नसतं, मोठा अपघात नसतो. पाऊल जमिनीत रुतून राहतं आणि वरचं माणूस दुसरीकडे निघून जातं, एवढंच. आतून एक आवाज येतो. गुडघा सुजून टम्म होतो. मग गावात जे कोणी चोळून देणारं असेल ते चोळतं, पाला बांधतं, आणि काही दिवसांत सूज उतरते. आमच्याकडे सूज उतरली म्हणजे बरं झालं. एक्स-रे काढावा तर त्यात हाड दिसतं, दोरी दिसतच नाही. फोटो स्वच्छ, चाल सरळ. आणि मग एक दिवस कोपऱ्यावर वळताना गुडघा दगा देतो. दर वेळी निसटताना आतली गादी थोडी थोडी कुरतडली जाते, ते वेगळंच.

धानाच्या मुलखात हे दुखणं जरा जास्तच जाचतं. रोवणीच्या, भातलावणीच्या, दिवसांत बांधीत, म्हणजे धानाच्या खाचरात, पोटरीभर चिखल असतो. पाय आत रुतलेला आणि रोप घ्यायला अंग वळवायचं. गुडघ्याची ह्याहून कडक परीक्षा मी दवाखान्यात घेऊ शकत नाही.

आता मी ज्या दोघींसाठी हा लेख लिहायला बसलो, त्यांच्याकडे येतो. त्या सासू-सुना. गाव किरनापूरच्या पुढचं. नाव लिहीत नाही, का ते शेवटी कळेल. दिवाळी झाली की आमच्याकडे गावोगावी मंडई भरते. पाळणे, मिठाई, दंडार नावाचं लोकनाट्य, सगळं असतं. त्या गावच्या मंडईत आणखी एक गोष्ट असते, लेकी आणि सुनांचा कबड्डीचा सामना. भाऊबीजेला माहेरी आलेल्या गावच्या लेकी एका बाजूला, गावात नांदणाऱ्या सुना दुसऱ्या बाजूला. कापणी झालेल्या बांधीत चुन्याच्या रेघा मारतात आणि वर्षभराचे हिशेब तिथं चुकते होतात. नणंद भावजयीला जे तोंडानं बोलू शकत नाही, ते घोटा धरून बोलते.

थंडी सुरू झाली होती तेव्हाची गोष्ट. एका मोटारसायकलवरून तिघं उतरली. चालवणारा मुकेश, मध्ये त्याची बायको रोशनी, मागे त्याची आई देवकाबाई. रोशनी माहेरची परसवाड्याची. हिंदीतच बोलायची. देवकाबाई आपल्या मराठीत, जिच्यात बायकाही स्वतःला 'करतो', 'जातो' म्हणतात. दोघींचं त्यात काही अडत नव्हतं.

"भाऊ, हिचा डावा गुडघा निसटते," देवकाबाईंनी खुर्चीवर टेकायच्या आतच सांगितलं. "मंडईच्या सामन्यात झालं. घरचे म्हणतेत, नाटक करून राह्यली. तुम्ही पाहून सांगा एकदाचं."

मुकेशनं एक्स-रे पुढे केला. "फोटोत तं काहीच नाही म्हणते, साहेब."

"फोटोत नाही म्हणून नाही काय रे?" देवकाबाई त्याच्यावर उसळल्या. "सामन्याची शिट्टी माह्या तोंडात होती. मी आवाज ऐकला न. टक्क करून आला."

मी रोशनीला विचारलं, नेमकं काय होतं?

"सर, पानी की गुंडी लेकर मुड़ती हूँ न, तो घुटना अंदर से खिसक जाता है. दो बार गुंडी समेत गिरी. अब घर में कोई गुंडी ही नहीं देता." गुंडी म्हणजे आमच्याकडची पाण्याची घागर. मग मान खाली घालून म्हणाली, "मैं कबड्डी में सबसे आगे जाती थी, सर. कॉलेज से खेलती हूँ. शादी में सबने यही बताया था इनको."

तिला टेबलावर झोपवलं. आमची परीक्षा साधी असते. गुडघा वाकवून पाऊल टेबलावर ठेवायचं आणि नडगी हलक्या हातानं पुढे ओढायची. दोरी शाबूत असेल तर एका जागी ती थांबते, गाय दाव्याला थांबते तशी. रोशनीची नडगी थांबली नाही. मी मुकेशला म्हणालो, "हे नाटक नाही. आतली दोरी तुटली आहे." रोशनी रडायला लागली. दुखलं का म्हणून विचारलं तर मान हलवून नाही म्हणाली.

चांगला गुडघा कसा असतो ते तिला दाखवावं, म्हणून मी देवकाबाईंना म्हटलं, "तुम्ही झोपा जरा. हिला फरक कळेल." त्या लाजत लाजत झोपल्या. लुगडं गुडघ्याशी नीट आवरून घेतलं. मी रोशनीचा हात त्यांच्या नडगीवर ठेवला आणि म्हणालो, "आता बघ, ही पुढे येणार नाही." आणि ओढली.

ती रोशनीच्यापेक्षा जास्त पुढे आली.

मी पुन्हा ओढून पाहिली. रोशनी माझ्या तोंडाकडे पाहत होती. देवकाबाई वरच्या पंख्याकडे पाहत होत्या. त्या म्हणाल्या, "तो जुना आहे, भाऊ."

"किती जुना?"

"मी नवी सून होतो तवाचा. हाच सामना, हीच बांधी. लेकींनी पाय धरला अन् मी वळलो. असाच टक्क करून आवाज आला." त्या उठून बसल्या. "सासू म्हणे, कामाले भेली अन् सोंग करून राह्यली. माह्या माहेरी गेलतो, तं आई बी म्हणे, सूज तं नाही दिसत, जाय आपल्या घरी. मंग म्या कोणालेच सांगतलं नाही."

"आणि इतकी वर्षं रोवणी कशी केली?"

"पाय उचलल्याबिगर वळतच नाही मी. चिखलात तं कधीच नाही. आधी पाय उचलतो, मंग वळतो. होते सवय."

"आणि कबड्डी?"

"मंग शिट्टी घेतली," देवकाबाई म्हणाल्या.

मुकेश दाराशी उभा होता. त्यालाही हे पहिल्यांदाच कळत होतं. गावभर सगळे म्हणायचे, देवकाबाईला हुकूम गाजवायची हौस, म्हणून शिट्टी सोडत नाही. तो गुपचूप बाहेर जाऊन मोटारसायकल पुसत बसला.

ह्या बाईंचा गुडघा तेव्हाच कोणी पाहिला असता तर, हा विचार माझ्या मनातून अजून जात नाही. तेव्हा बालाघाटात आमच्या धंद्यातलं माणूसच नव्हतं. असतं तरी नव्या सुनेला गुडघा दाखवायला कोणी आणलं असतं? किती बायका पाय जपून जपून आयुष्य काढून गेल्या असतील, आणि घरच्यांनी त्यांना आळशी म्हटलं असेल. ह्या गोष्टीचं मला वाईट वाटतं, आणि रागही येतो.

दोरी तुटलेल्या सगळ्यांनाच ऑपरेशन लागत नाही. सरळ रस्त्यानं चालणाऱ्याचं मांडीची ताकद वाढवून भागतं. रोशनीला चिखलात उतरायचं होतं, खेळायचं होतं, आणि गुडघा तर उंबऱ्यावरही निसटत होता. तिचं ऑपरेशन नागपूरला झालं. तिच्याच मांडीमागच्या स्नायूची एक दोरी काढून गुडघ्यात नवी दोरी बसवली. टाके काढून झाल्यावर ती पुन्हा माझ्याकडे आली, आणि मी सांगितलं की खेळायचं नाव निदान नऊ महिने काढायचं नाही. वर्ष झालं तर उत्तम.

देवकाबाईंना हे पटेना. "नऊ महिन्यात अख्खं लेकरू होते, भाऊ. एक गुडघा होत नाही काय?"

"लेकरू होतं, पण पळायला लागतं का लगेच?"

त्या खूप हसल्या. पुढे गावात ज्यानं कोणी विचारलं त्याला त्यांनी हेच उत्तर दिलं, आणि स्वतःचं म्हणून दिलं.

व्यायाम सुरू झाले. आधी गुडघा पूर्ण सरळ करणं, मग पाय सरळ उचलणं, मग भिंतीला पाठ टेकून अर्धं बसणं, मग ओट्याची पायरी चढणं-उतरणं. त्यानंतर मी तिला उलटं चालायला सांगितलं. मागे मागे चालताना मांडी पुढून चांगली कामाला लागते आणि गुडघ्यावर ताण कमी पडतो. रोशनी म्हणाली, लोक हसतील. देवकाबाई म्हणाल्या, "काहून हसतीन? रोवणी का पुढं पुढं चालून करते कोणी?" खरंच की. आमच्या बायका पिढ्यान्‌पिढ्या वाकून, मागे मागे सरकत रोपं लावत आल्या आहेत, आणि मी हा व्यायाम पुस्तकातून शिकून आलो होतो. मग दोघी अंगणात रोज उलट्या चालायच्या. शेजारचे हसायचे ते हसायचेच.

दोघी म्हणजे, देवकाबाईही. "एकटीले कंटाळा येते तिले. सोबत म्हणून करतो," असं त्या म्हणायच्या. मला परसवाड्याच्या शेठाणी आठवल्या. मी एकदा टेपनं रोशनीची मांडी मोजत होतो, तर देवकाबाईंनी हळूच आपला पाय पुढे केला. भरली होती मांडी. ती जुनी दोरी काही परत येणार नव्हती, पण मांडीच गुडघ्याला धरायला शिकली होती. टेप गुंडाळताना त्यांचा चेहरा शाळेत पहिल्या आलेल्या मुलीसारखा होता.

ह्या दुखण्यात एक चकवा असतो. दुखणं थांबतं त्याच सुमारास नवी दोरी फार कच्ची असते. पेशंटला वाटतं, झालं. आणि सगळ्यांत जास्त गुडघे तिथं पुन्हा तुटतात. रोवणीच्या दिवसांत देवकाबाईंचा फोन आला. "भाऊ, हिले समजवा. बांधीत उतरतो म्हणते. ऐकूनच नाही राह्यली."

रोशनीनं फोन घेतला. "सर, अब तो बिलकुल दर्द नहीं है."

"दुखत नाही म्हणूनच भीती वाटते. यंदा चिखल नाही."

फोन बंद झाला नव्हता, त्यामुळे पुढचं मला ऐकू आलं. "ऐकलं न? चाल, धुऱ्यावर बस. जुड्या फेकजो आम्हाले." त्या वर्षी रोशनी बांधावर बसून रोपांच्या जुड्या फेकत राहिली. मंडई आली तेव्हाही वर्ष भरलं नव्हतं, म्हणून मी नाहीच म्हणालो, आणि ती माझ्यावर इतकी रागावली की दिवाळीचा फोनसुद्धा केला नाही.

मंडईला मात्र मी स्वतः गेलो, पहिल्यांदाच. मैदान पाहिलं आणि हात कपाळाला लावला. धानाची धसकटं तशीच, जमिनीला भेगा, त्यात पाऊल सहज अडकेल अशा. खेळाडू बायका चहा पिऊन थेट मैदानात. मी गावच्या मंडळींना म्हणालो, पुढच्या वर्षी धसकटं खणा, भेगा बुजवा, पाणी मारून माती दाबा, आणि सामन्याआधी सगळ्यांनी अंग गरम करायचं. कोणीतरी मागून म्हणालं, "डाक्टर साहेब, येथी ऑलिम्पिक नाही न." देवकाबाईंनी मागं वळून नुसतं पाहिलं. पुढच्या वर्षी मैदान अंगणासारखं सपाट होतं.

आणि मी बायकांना उडी मारून उतरायला शिकवलं. हसण्यासारखं वाटेल, पण निम्मे गुडघे त्यानंच वाचतात. उतरताना गुडघे वाकलेले हवेत, आत एकमेकांकडे पडता कामा नयेत, पावलाच्या बोटांच्या दिशेनं राहिले पाहिजेत. पळता पळता थांबायचं तर एका पायावर करकचून नाही, लहान लहान पावलं टाकत. मी हे सगळं तपशिलात समजावत होतो आणि कोणी ऐकत नव्हतं. देवकाबाईंनी शिट्टी वाजवली. "घरात लेकरू झोपलं आहे समजा. आवाज झाला तं पुन्हा मारा उडी." सगळ्या जणी मांजराच्या पावलांनी उतरायला लागल्या. देवकाबाईंची लेक ममता, लेकींच्या संघाची पुढारी, तिनं हे फोनवर टिपून आपापल्या सासरी असलेल्या इतर लेकींना पाठवलं. म्हणजे दोन्ही संघ माझेच शिष्य झाले.

दुसऱ्या रोवणीत रोशनी बांधीत उतरली. मुकेशनं तो व्हिडिओ पाठवला. बायकांची लांब ओळ, सगळ्या वाकून मागे मागे सरकताहेत. मी तो चहा गार होईपर्यंत पुन्हा पुन्हा पाहिला. बायकोनं विचारलं, कोण आहे? मी म्हणालो, डावा गुडघा आहे. दिवाळीआधी मी रोशनीच्या सगळ्या परीक्षा घेतल्या. एका पायावरच्या उड्या दोन्ही बाजूंना सारख्या, ताकद सारखी. मी म्हणालो, "जा, खेळ." ती काही बोलली नाही. मला वाटलं, आनंदानं बोलवत नाही.

गेल्या वर्षीच्या मंडईत मी दुपारीच जाऊन बसलो. सामना सुरू झाला. शिट्टी देवकाबाईंच्या तोंडात. सुनांकडून एकेक जण चढाईला जात होती, परत येत होती, बाद होत होती. रोशनीची पाळी आली की ती बाजूच्या जावेला पुढे करायची. एकदा झालं, पुन्हा झालं. मग ती एकदा मधल्या रेघेपर्यंत गेली, तिथंच थांबली आणि मागे फिरली. लेकींकडून कोणी तरी हसलं. मी उठून तिच्याजवळ गेलो.

"दुखतंय का?"

"नहीं सर. घुटना ठीक है." तिच्या डोळ्यांत पाणी आलं. "मैं ही ठीक नहीं हूँ. वो आवाज़ सुनाई देती है. टक्क वाली."

ह्याला माझ्याकडे मशीन नाही. मांडी टेपनं मोजता येते, भीती कशानं मोजणार? किती चांगले बरे झालेले गुडघे मी असे घरी बसलेले पाहिले आहेत. मी तिला काहीबाही समजावत होतो आणि माझं मलाच ते पोकळ वाटत होतं.

तेवढ्यात माझ्या हातात काहीतरी ओलं ओलं आलं. शिट्टी होती. देवकाबाई पदर कमरेला खोचत होत्या.

"धरा, भाऊ. पंच तुम्ही."

"देवकाबाई, अहो, तुमची दोरी..." मी म्हणेपर्यंत त्या रेघेवर होत्या. "कबड्डी कबड्डी कबड्डी" म्हणत त्या आत गेल्या. ढोलकीवाला थांबला. लेकींच्या बाजूच्या सगळ्या मुली त्यांना काकू, मावशी म्हणणाऱ्या. त्या आपोआप बाजूला झाल्या. देवकाबाईंनी दोघींना हात लावला आणि मागे मागे चालत, रोवणीत चालतात तशा, रेघेच्या ह्या बाजूला आल्या. लोकांनी टाळ्या वाजवल्या. मला वाटलं, झालं, मान राहिला.

देवकाबाई मात्र भडकल्या होत्या. "काहून पकडलं नाही मले? मोडकी समजल्या काय? ममते, तुले हेच शिकवलं का म्या? पुन्हा येतो. धरायचं म्हणजे धरायचं."

पुन्हा गेल्या. ह्या वेळी ममतानं दात आवळले आणि आईच्या कमरेला मिठी मारली. आणखी दोघींनी पाय धरले. देवकाबाई रेघेकडे ओढत राहिल्या आणि सगळ्या जणी धपकन खाली आल्या. धूळ खाली बसली तेव्हा देवकाबाई मातीत बसल्या होत्या. त्यांनी दोन्ही हातांनी आपला गुडघा चाचपला. पाय उचलला, ठेवला. ममताच्या खांद्याला धरून उभ्या राहिल्या. त्यांनी माझ्याकडे पाहिलंच नाही. पाहिलं ते रोशनीकडे.

"जाग्यावर आहे," त्या म्हणाल्या. "माही तं तुटलेली आहे, बाई. तुही नवी आहे. जाय आता."

रोशनीनं पदरानं डोळे पुसले, पदर खोचला आणि गेली.

ती सरळ उजव्या कोपऱ्यात घुसली. एकीला हात लावला, दुसरीला लावला. ममता खाली वाकून तिच्या डाव्या घोट्यावर झेपावली. पाऊल जमिनीवर, अंग वळायच्या बेतात, ज्या एका क्षणात माझ्या धंद्याचं सगळं काही होतं तोच हा क्षण. रोशनीनं पाय उचलला. मग वळली. ममताच्या हातात नुसती धूळ आली आणि रोशनी रेघ ओलांडून सरळ सासूच्या अंगावर येऊन आदळली. दोघी हसत होत्या की रडत होत्या ते मला नीट दिसलं नाही, कारण मला कोणाचंच काही नीट दिसत नव्हतं.

त्यानंतर ती पुन्हा पुन्हा गेली. वेळ संपली. दोन्ही संघ धावत माझ्याकडे आले. "पंच साहेब, बोला, कोण जिंकलं?"

मी शिट्टीकडे पाहिलं. मला काही म्हणजे काहीच ठाऊक नव्हतं. "मी गुण मोजले नाहीत," मी म्हणालो. "मी गुडघा पाहत होतो."

मग जो गलका झाला, तो मी इथं लिहीत नाही. गावाचं नावही म्हणूनच लिहिलं नाही. शेवटी सगळ्या देवकाबाईंकडे वळल्या. तुम्ही तरी मोजले असतील ना? देवकाबाई लुगड्याची माती झटकत होत्या. त्यांनी मान हलवली. "मी बी तेच पाहून राह्यलतो," त्या म्हणाल्या.

म्हणून सामना पुन्हा पहिल्यापासून खेळवायचं ठरलं. मुली अजून भांडत होत्या, ढोलकीवाला चहाला निघाला होता, आणि रोशनी सगळ्यांच्या आधी जाऊन रेघेवर उभी राहिली होती.